काकूंचा फोन उशिरा का वाजतो?



"कॉम्प्युटरवर तर छान चालतंय, मग फोनवर का चालत नाही?" आमच्या धंद्यात हा प्रश्न रोज कुणीतरी कुणाला तरी विचारत असतं. या महिन्याच्या लेखात त्याचंच उत्तर द्यायचं ठरवलंय. हा विषय फक्त इंजिनिअर मंडळींचा आहे असं समजून पान उलटू नका. तुमच्या घरात आईचा किंवा सासऱ्यांचा फोन असेल आणि त्यावर गोळीची आठवण करून देणारं ॲप असेल, तर शेवटचा भाग तुमच्यासाठीच आहे. (आजचं सगळं अँड्रॉइड फोनबद्दल आहे. आयफोनची व्यवस्था वेगळी असते.)

आपल्या गोविंदपुऱ्यात चाचणी म्हणजे काय हे कुणाला नव्यानं सांगायला नको. १९५६ साली 'हेवी इलेक्ट्रिकल्स (इंडिया) लिमिटेड' स्थापन झाली आणि तिचा कारखाना भोपाळला उभा राहिला. १९७४ मध्ये ती 'भेल'मध्ये विलीन झाली. पिपलानी, बरखेड्याच्या क्वार्टरांमध्ये कितीतरी मराठी घरं त्या कारखान्याच्या नोकरीनं आली. तिथून निवृत्त झालेल्या कुणाही काकांना विचारा, ट्रान्सफॉर्मर तयार झाला की लगेच गाडीवर चढवतात का? ते हसतील. आधी त्याच्या चाचण्या होतात. त्यातल्या तापमानवाढीच्या चाचणीत तर ट्रान्सफॉर्मर तासन्‌तास तापवत ठेवतात, कारण पहिल्या दहा मिनिटांत सगळंच थंड असतं. काही दोष वेळ गेल्यावरच दिसतात.

त्याच्याही पुढची गोष्ट आपल्या बीनाची. भोपाळहून दिल्लीकडे निघालं की विदिशा, गंजबासौदा ओलांडून बीना येतं. तिथे १२०० किलोव्होल्टचं राष्ट्रीय चाचणी केंद्र आहे. २०१२ मध्ये तिथली लाइन प्रत्यक्ष विद्युतभारित केली गेली. इतक्या उच्च दाबाची उपकरणं प्रयोगशाळेत पास झाली तरी उघड्यावर, ऊन-पाऊस-धुळीत कशी वागतात ते पाहायला हा खटाटोप.

ॲपचंही तेच. ॲप बनवताना आम्ही आधी 'एम्युलेटर' वापरतो. एम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसणारा नकली फोन. तो फार गुणी असतो. त्याची बॅटरी सहसा उतरत नाही, त्यात नातवंडांचे चार हजार फोटो नसतात, 'सुप्रभात'चे व्हिडिओ नसतात. रात्रभर तो टेबलावर पडून राहत नाही. तिथे ॲप चाललं म्हणजे मोटार विनालोड फिरली एवढंच. लोड खऱ्या फोनवर येतो.

आता खरी गोष्ट. आमच्या कॉलनीतल्या दोन मुलांनी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एक ॲप बनवलं. गोळीची वेळ झाली की फोन वाजतो, पडद्यावर गोळीचं नाव येतं, "घेतली" असं बटण दाबायचं. दाबलं नाही तर दहा मिनिटांनी पुन्हा वाजतो. सगळं मराठीत. शेजारच्या काकू एकट्या राहतात, मुलगा परदेशात. थायरॉइडची गोळी सकाळी सहाला उपाशीपोटी, मग अर्ध्या-पाऊण तासानं चहा, नाश्त्यानंतर रक्तदाबाची. ॲप त्यांच्या फोनवर घालायचं ठरलं आणि मुलं माझ्याकडे आली, "ताई, तुमच्या समोर एकदा टेस्ट करू या."

पहिला अडथळा: कॉम्प्युटरला फोन दिसेचना. चार्जिंगचं चिन्ह येतंय, पण कॉम्प्युटरच्या यादीत नाव नाही. अशा वेळी सगळ्यांत स्वस्त वस्तूपासून सुरुवात करावी, ती म्हणजे केबल. साध्या यूएसबी केबलमध्ये वीज नेणाऱ्या दोन तारा आणि माहिती नेणाऱ्या दोन तारा असतात. बऱ्याच स्वस्त केबलींमध्ये माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. तिनं फोन चार्ज होतो, पण कॉम्प्युटरशी बोलू शकत नाही. दिसायला दोन्ही सारख्याच. मुलांनी तासभर सॉफ्टवेअर उलटंपालटं केलं होतं. पिपलानी मार्केटमधून दुसरी केबल आणली आणि नाव दिसलं.

दुसरा अडथळा: नाव दिसलं, पण पुढे 'अनऑथराइज्ड' लिहिलेलं. म्हणजे फोनच्या मालकानं परवानगी दिलेली नाही. ही अडवणूक योग्यच आहे. ज्या कॉम्प्युटरला ही परवानगी मिळते तो तुमच्या फोनमध्ये ॲप घालू शकतो, काढू शकतो, बरंच काही वाचू शकतो. म्हणून अँड्रॉइडनं हा मेनू लपवून ठेवलाय. सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'मध्ये जाऊन 'बिल्ड नंबर'वर सात वेळा बोट टेकवलं की 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतात आणि "आता तुम्ही डेव्हलपर आहात" अशा अर्थाचा संदेश येतो. काकूंनी तो वाचला आणि मला म्हणाल्या, "अगं, सात वेळा दाबून होता येतं तर तू चार वर्षं बीई कशाला केलंस?"

त्यातलं 'यूएसबी डिबगिंग' चालू केलं. मग फोनच्या पडद्यावर या कॉम्प्युटरला परवानगी द्यायची का, अशी चौकट आली. फोन लॉक असेल तर ही चौकट दिसत नाही आणि लोक कॉम्प्युटरकडे बघत बसतात. चौकटीवर काकूंनी स्वतः बोट ठेवलं. (विंडोजवर काही फोनांसाठी ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो, हे कुणी विद्यार्थी वाचत असेल तर त्याच्यासाठी.)

तिसरा अडथळा: ॲप जाईना. याची नेहमीची कारणं तीन. फोनमध्ये जागा नाही. फोनचं अँड्रॉइड ॲपला लागतं त्यापेक्षा जुनं आहे. किंवा त्याच ॲपची आधीची प्रत वेगळ्या सहीनं बसवलेली आहे. प्रत्येक ॲपवर बनवणाऱ्याची एक गुप्त सही असते आणि जुन्या-नव्याची सही जुळली नाही तर फोन नवी प्रत नाकारतो. नाहीतर कुणीही तुमच्या बँकेच्या ॲपवर आपलं बनावट ॲप चढवलं असतं. काकूंच्या बाबतीत कारण पहिलं होतं. त्यांच्या संमतीनं दोन-तीनशे व्हिडिओ उडवले आणि ॲप बसलं.

चौथा अडथळा: ॲप उघडलं, पण "घेतली" बटणच दिसेना. कारण काकूंनी अक्षरं सगळ्यांत मोठी करून ठेवली होती. मुलांच्या फोनवर अक्षरं लहान, तिथे पान पडद्यात मावत होतं. इथे गोळीचं नाव तीन ओळींचं झालं, त्यातही वरच्या वेलांट्या कापलेल्या, आणि बटण पडद्याच्या खाली गेलं. पान सरकण्याची सोय नव्हती. गोळ्यांचं ॲप वापरणार कोण, तर चष्मेवालेच. मुलांनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली.

एवढं झाल्यावर आम्ही गजर लावून पाहिला. दोन मिनिटांनंतरचा वाजला. दहा मिनिटांनंतरचा वाजला. पडदा बंद करून ठेवला तरी वाजला. मुलं खूश. ॲप काकूंच्या फोनमध्ये ठेवून, यूएसबी डिबगिंग बंद करून आम्ही घरी आलो.

चार दिवसांनी काकू म्हणाल्या, "तुमचं ते ॲप सहाला वाजत नाही गं. मी उठून फोन हातात घेतला की मग वाजतं."

मुलांनी त्यांच्यासमोर फोन केबलला लावून पुन्हा चाचणी घेतली. वेळेवर वाजला. पुन्हा घेतली, वेळेवर. एक जण मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, काकूंना झोपेत ऐकू येत नसेल. किंवा त्यांच्या हातून काहीतरी दाबलं जात असेल."

मंडळी, हे वाक्य आपल्या घराघरांत म्हटलं जातं. पुण्याहून, बंगळूरूहून, अमेरिकेतून फोनवर. "आई, तू काहीतरी दाबलं असशील." आणि आईलाही तेच खरं वाटू लागतं.

काकूंच्या वाक्यात मात्र नेमकी माहिती होती. 'वाजत नाही' अशी मोघम तक्रार त्यांनी केली नव्हती. 'फोन हातात घेतला की वाजतं' असं सांगितलं होतं. चांगल्या टेस्टरनं लिहावं तसं ते निरीक्षण होतं. मी त्यांना विचारलं, "काकू, आठ दिवस रोज किती वाजता वाजलं ते लिहून ठेवाल का?" त्यांनी कालनिर्णयच्या चौकोनांत लिहून ठेवलं. सहा पस्तीस, सहा पन्नास, सहा चाळीस. आणि एका बुधवारी बरोब्बर सहा.

"बुधवारी काय वेगळं होतं?" त्यांनी क्षणभर विचार केला. "मंगळवारी दुपारी लाइट गेली होती. म्हणून फोन रात्री चार्जिंगला लावला. एरवी मी दुपारीच लावते."

एवढ्यावर उलगडा झाला. २०१५ मध्ये आलेल्या सहाव्या अँड्रॉइडपासून फोनमध्ये 'डोझ' नावाची व्यवस्था आहे. डोझ म्हणजे डुलकी. फोन चार्जरला नसेल, पडदा बंद असेल आणि बराच वेळ एकाच जागी न हलता पडून असेल, तर अँड्रॉइड बॅटरी वाचवण्यासाठी ॲपांना झोपवतं. त्यांची कामं अडवून धरतं, अधूनमधून थोडा वेळ जागं होऊन साचलेली कामं उरकतं आणि पुन्हा झोपतं. रात्र जसजशी सरते तसतसं हे जागं होणं विरळ होत जातं. कुणी फोन हलवला, पडदा लावला किंवा चार्जर जोडला की झोप मोडते आणि थांबलेले गजर एकदम वाजतात.

काकूंचा फोन रात्री दहापासून टीपॉयवर निश्चल. सहाचा गजर अडकलेला. पावणेसातला त्या फोन उचलतात आणि त्याच क्षणी तो वाजतो. त्यांनी सांगितलं होतं ते अक्षरशः तसंच घडत होतं.

मग आमच्या चाचणीत का दिसलं नाही? कारण चाचणीसाठी आम्ही केबल लावत होतो. केबलमधून वीज जाते, फोनला वाटतं चार्जिंग चालू आहे, आणि चार्जिंग चालू असताना फोन डोझमध्ये जात नाही. ज्या तारेनं आम्ही फोन तपासत होतो तीच तार दोष झाकत होती. वैद्यानं नाडी धरली की रोग गायब, हात सोडला की हजर, असला प्रकार.

याची तपासणी करायची रीत आहे. कॉम्प्युटरवरून फोनला दोन हुकूम देता येतात: 'चार्जर काढलाय असं समज' आणि 'आता झोप'. ते देताच आमच्या टेबलावरही गजर अडकला. फोन खरोखर झोपवूनही बघता येतो. अकराव्या अँड्रॉइडपासून (२०२०) वायफायवरून तारेशिवाय तपासणी करता येते. दोष डोळ्यांसमोर घडवता आला की अर्धं काम झालं असं समजा.

दुरुस्ती दोन भागांत झाली. ॲपला फोनमध्ये गजर लावण्याचे वेगवेगळे प्रकार असतात. साधा गजर डोझमध्ये थांबवला जातो. घड्याळाच्या गजराच्या जातीचा मात्र थांबवला जात नाही, त्याच्या वेळेआधी फोन स्वतः झोपेतून बाहेर येतो. मुलांनी तो प्रकार वापरला. दुसरं, फोन बंद करून चालू केला की ॲपांनी लावलेले गजर पुसले जातात. फोन सुरू झाल्याबरोबर ॲपनं ते पुन्हा लावावे लागतात. तीही सोय केली. मग एक रात्र केबल नाही, चार्जर नाही, फोन काकूंच्या टीपॉयवर. सकाळी सहाला वाजला. कालनिर्णयात पुन्हा आठ दिवस नोंदी ठेवल्या. आठही दिवशी सहा.

अशी एक घटना फार मोठ्या जागीही घडलीय. ४ जुलै १९९७ ला नासाचं 'पाथफाइंडर' यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांत त्याचा कॉम्प्युटर मधूनच पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागला. एक कमी महत्त्वाचं काम सामाइक साधन अडवून बसायचं, मधल्या दर्जाची कामं त्याला पुढे सरकू द्यायची नाहीत, आणि त्यामुळे सगळ्यांत महत्त्वाचं काम खोळंबायचं. काम वेळेत झालं नाही म्हणून सुरक्षा व्यवस्था अख्खा कॉम्प्युटर रीसेट करायची. इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तोच दोष घडवून आणला आणि दुरुस्ती इथून मंगळावर पाठवली. या रीसेटची चुणूक उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही दिसली होती, पण तेव्हा शोधायला गेल्यावर ती पुन्हा घडवता आली नव्हती. 'मला एकदा असं दिसलं' हे कुणाचंही वाक्य वहीत लिहून ठेवावं ते यासाठी.

आता तुमच्या घरच्या फोनसाठी. आईबाबांच्या फोनवर औषधाचं, पाण्याचं किंवा इन्सुलिनचं आठवण-ॲप असेल तर हे तपासा:

एक, सेटिंगमध्ये त्या ॲपच्या नोटिफिकेशन चालू आहेत का? तेराव्या अँड्रॉइडपासून (२०२२) नव्या ॲपला याची वेगळी परवानगी मागावी लागते आणि घाईत बऱ्याचदा 'नको' दाबलं जातं.

दोन, त्या ॲपच्या पानावर 'अलार्म्स अँड रिमाइंडर्स' अशी परवानगी दिसत असेल तर ती द्या. ठरल्या मिनिटाला वाजण्यासाठी अनेक ॲपांना ती लागते.

तीन, त्याच पानावर 'बॅटरी'मध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. काही फोनांत कंपनीचं स्वतःचं वेगळं बॅटरी-बचतीचं सेटिंगही असतं, त्यातूनही या ॲपला वगळा.

चार, 'फोर्स स्टॉप' दाबू नका. तसं केलं की ते ॲप तुम्ही स्वतः उघडेपर्यंत गप्प बसतं. काही फोनांत तर 'अलीकडची ॲप्स' बोटानं सरकवून साफ केली तरी तसाच परिणाम होतो.

पाच, खरी चाचणी घ्या. रात्री चार्जर काढून फोन नेहमीच्या जागी ठेवा, पहाटेचा गजर लावा आणि उठेपर्यंत त्याला हात लावू नका.

आणि चुकवून चालणार नाही अशा औषधासाठी फोनमधल्या मूळ घड्याळाचा गजरही लावून ठेवा. सोबत सोम-मंगळ लिहिलेली गोळ्यांची डबी. एक बंद पडलं तर दुसरं आहे.

एक धोक्याची सूचनाही. वर सांगितलेले डेव्हलपर ऑप्शन्स आणि यूएसबी डिबगिंग आपल्या ओळखीच्या माणसानं, समोर बसून, कामापुरतंच चालू करावं आणि काम होताच बंद करावं. फोनवरून कुणी 'बँकेतून बोलतोय, हे चालू करा' म्हणाला तर सरळ फोन ठेवा. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या नावानं येणाऱ्या एपीके फाइली उघडू नका. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते, ॲप म्हणून येत नाही. शेजारच्या मुलांनी बनवलेलं ॲप आम्ही काकूंच्या फोनवर घातलं ते त्यांच्या समोर, त्यांना विचारून आणि मुलं कोण हे ठाऊक असताना.

त्या दोन मुलांनी प्रोजेक्टच्या अहवालात चाचणीचं एक वेगळं प्रकरण लिहिलंय. त्यात कालनिर्णयच्या पानाचा फोटो लावलाय आणि खाली लिहिलंय, 'दोषाची पहिली नोंद: वापरकर्त्या, वय ७४'. मला वाटतं, अख्ख्या अहवालात हीच ओळ सगळ्यांत नीट लिहिलेली आहे.

पुढच्या वेळी आईचा फोन आला आणि ती म्हणाली, "हे मेलं वेळेवर वाजतच नाही," तर "तू काय दाबलंस?" असं विचारू नका. "मग केव्हा वाजतं?" असं विचारा. बहुतेक वेळा तिनं ते बघून ठेवलेलं असतं.

पुढच्या अंकात, नवा फोन घेतल्यावर जुन्या फोनचं काय करायचं आणि तो कुणाला देण्याआधी त्यातलं काय काय पुसायचं, ते पाहू. तोवर काळजी घ्या.